सहाशेची लेन्स

पक्षीछायाचित्रणाच्या छंदात पक्षी बऱ्याच उशिरा येतो. आधी कॅमेरा येतो. त्याच्याबरोबर खोक्यातून, फुकट मिळाल्याचा भास देत, १८-५५ची लेन्स येते. मग तिने काढलेला पहिलावहिला बुलबुल येतो, जो फोटोत नेमका कुठे बसलाय ते बोट ठेवून दाखवावं लागतं. बघणारे भिडस्त असतात. “हो हो, दिसला की,” म्हणतात. त्यांतल्या निम्म्यांनी वाळकं पान पाहिलेलं असतं.

या ठिपक्यामागचं गणित शाळेतलंच आहे. बुलबुल चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण २० सेंटिमीटर. तो २० मीटरवर बसला, तर ५५ एमएमच्या लेन्समधून सेन्सरवर त्याची प्रतिमा उमटते जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. ६०० एमएममधून ती होते सहा मिलिमीटर. फुल फ्रेम सेन्सरची उंची असते २४ मिलिमीटर. म्हणजे लाखभर रुपये मोजल्यावरही बुलबुल फ्रेमच्या उंचीचा पाव हिस्सा व्यापणार आणि बाकी सगळीकडे बाभूळ. शिंपी, वटवट्या, चष्मेवाला ही मंडळी तर बुलबुलाहूनही चिमुकली. त्यांच्या वाट्याला बाभूळ आणखी जास्त.

हे गणित मांडून लेन्स घेणारा माणूस विरळा. लेन्स घेतली जाते ती शेजारी उभ्या असलेल्याच्या खांद्याकडे बघून. त्याच्याकडे ४०० असेल तर आपल्याला ५०० हवी आणि त्याच्याकडे ५०० असेल तर मग प्रश्नच मिटला.

२०१३ सालापर्यंत ६०० हा आकडा पगारदार माणसाने मोठ्याने उच्चारायचा नव्हता. एफ/४ची ६०० एमएम लेन्स म्हणजे गाडीची किंमत, आणि तीही नव्या गाडीची. कारण सरळ आहे: ६००ला चारने भागलं की १५० मिलिमीटर येतात, आणि एवढ्या रुंदीची निर्दोष काच घासणं हा स्वस्तातला उद्योग नाही. मग २०१३च्या नोव्हेंबरात टॅमरॉनने १५०-६००ची झूम जाहीर केली. तिथे ६००ला ६.३ने भागायचं होतं. काच ९५ मिलिमीटरवर आली आणि किंमत एकदम हप्त्यांच्या टप्प्यात. पुढच्याच वर्षी सिग्माने त्याच आकड्यांच्या दोन लेन्स एकदम काढल्या: ‘कंटेंपररी’, वजन १९३० ग्रॅम, आणि ‘स्पोर्ट्स’, वजन २८६० ग्रॅम. नावातला खेळाडू बहुधा ती उचलणारा असावा. २०१५ साली निकॉनची २००-५०० आली, २०१९ साली सोनीची २००-६००, आणि २०२३ साली निकॉनची १८०-६०० व कॅननची २००-८००. दहा वर्षांत मध्यमवर्गाच्या खांद्यावर जेवढी काच चढली तेवढी त्याआधीच्या पन्नास वर्षांत चढली नसेल.

ज्यांना हेही कमी वाटतं त्यांच्यासाठी सिग्माने २००८ सालीच सोय करून ठेवली होती. २००-५०० एमएम, सगळीकडे एफ/२.८, रंग हिरवा, वजन १५.७ किलो. ती विकत घ्यायला जाताना सोबत हमाल नेणं इष्ट.

झूमच्या जातीही अनेक. कॅननच्या १९९८च्या १००-४००मध्ये झूम करायला नळी हाताने पुढे ढकलायची आणि मागे ओढायची. त्या सरकण्याबरोबर हवा आत-बाहेर होते आणि हवेबरोबर धूळही आत जाते, असं म्हणून वापरणाऱ्यांनी तिला ‘डस्ट पंप’ हे नाव बहाल केलं होतं. २०१४ साली तिची दुसरी आवृत्ती आली तेव्हा नळी ओढायची भानगड गेली आणि कडं फिरवायची आली. तरी बहुतेक स्वस्त झूम अजून कडं फिरवलं की पुढे वाढतात, आणि गळ्यात तोंड खाली करून लटकवल्या की न फिरवताही वाढतात. त्यासाठी बाजूला एक कुलपाचं बटण असतं. ते लावायचं लक्षात राहत नाही आणि शिक्रा समोर आल्यावर काढायचंही लक्षात राहत नाही. सोनीच्या २००-६००ची आणि निकॉनच्या १८०-६००ची लांबी मात्र झूम केली तरी बदलत नाही, सगळी हालचाल आतल्या आत. गेल्या काही वर्षांत या धंद्यात माणसांवर दया करणारी एवढी एकच गोष्ट झाली.

घरात हा विषय निघतो तो साधारण असा.

“अहो, आहे त्या लेन्सला काय धाड भरलीये?”

“तिला रीच नाही.”

“म्हणजे?”

“लांबचं जवळ दिसत नाही.”

“मग जरा जवळ जायचं.”

या शेवटच्या वाक्याला तांत्रिक उत्तर नाही, आणि कठीण भाग असा की ते बरोबर आहे. ५०० आणि ६०० यांत जो फरक पडतो, तोच २० मीटरवरून पावणेसतरा मीटरवर आलं की पडतो. म्हणजे चार-पाच पावलं. या चार-पाच पावलांसाठी माणसं वर्षवर्षभर परीक्षणांचे व्हिडिओ बघतात. अर्थात पक्ष्याचंही आपलं एक गणित असतं आणि ते तो आधी सांगत नाही. तिसऱ्या पावलाला तो उडतो.

दुकानात लेन्स हातात येते तेव्हा अर्धं मिनिट ती हलकीच वाटते. फोर्टातल्या कॅमेऱ्यांच्या दुकानात उभं राहून समोरच्या पाटीवर नेम धरायचा, शटर दाबायचं, “व्वा!” म्हणायचं आणि खाली ठेवायची. दोन किलोंचा खरा अर्थ कळतो तो कवडीपाटच्या काठावर, खंड्या पाण्यावरच्या फांदीवर बसून सूर मारायचा विचार करत असताना. तो विचार दहा मिनिटं चालतो. मनगट आधी थरथरतं, मग कोपर, मग छायाचित्रकार हात खाली घेतो आणि त्याच क्षणी खंड्याचा निर्णय पक्का होतो. माहितीपत्रकातलं वजनही नीट वाचावं लागतं. निकॉनच्या १८०-६००चं वजन १९५५ ग्रॅम लिहिलेलं असतं ते तिपाईवर बसवायचं कडं काढून. कड्यासकट ते २१४० होतं.

थरथर थांबवायला लेन्समध्ये स्थिरीकरण असतं. निकॉन त्याला व्हीआर म्हणतं, कॅनन आयएस, सिग्मा ओएस, टॅमरॉन व्हीसी. चौघांचंही काम एकच, हात स्थिर करणं. वटवट्याला स्थिर करणारं बटण अजून कोणी बसवलेलं नाही.

लेन्स घरी आली की तिची परीक्षा सुरू होते, आणि इथे हा छंद खरा रंगात येतो, कारण परीक्षेत पक्षी नसतोच. पक्षी हलतो, परीक्षेला स्थिर वस्तू लागते. शास्त्र सांगतं, विटांची भिंत घ्या, कॅमेरा तिला अगदी समांतर लावा आणि चारही कोपरे सारखे धारदार येतात का ते बघा. पुण्या-मुंबईत उघड्या विटांची भिंत मिळणं आता पक्षी मिळण्याइतकंच अवघड झालंय. सगळीकडे गिलावा. मग माणूस बांधकामाच्या साइटवर जातो, तिपाई लावून तासभर भिंतीचे फोटो काढतो, आणि वॉचमन मुकादमाला बोलावून आणतो, कारण बिल्डरची तक्रार करायला कोणीतरी आलंय हे उघड असतं.

घरातल्या परीक्षेला कालनिर्णय उत्तम. बारीक टाइप, काळा-लाल रंग, भिंतीवर आयता टांगलेला. अडचण एवढीच की ६०० एमएममधून पाच मीटरवरून जेमतेम ३० बाय २० सेंटिमीटरचा तुकडा दिसतो. सगळा महिना मावायला मागे सरकावं लागतं, आणि मागे भिंत असते. तेव्हा हॉलचं दार उघडून, पॅसेजमधून, थेट जिन्यापर्यंत मागे जाणं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना “जरा थांबा हं, संकष्टीवर फोकस केलाय” असं सांगणं ओघानेच आलं.

मग तो फोटो संगणकावर शंभर टक्के मोठा करून बघायचा. ४५ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी ८२५६ पिक्सेल. साध्या मॉनिटरवर तो पूर्ण आकारात पसरला तर सव्वादोन मीटर रुंद होईल. एवढं चित्र भिंतीवर असतं तर माणसाने चार पावलं मागे जाऊन पाहिलं असतं. इथे तो वीतभर अंतरावरून एकादशीच्या ‘शी’ची वेलांटी तपासतो आणि म्हणतो, “कोपऱ्यात थोडी सॉफ्ट आहे.” पुढे त्याच लेन्सचा पक्षी व्हॉट्सॲपवर जातो, वाटेत आक्रसून चिमुकला होतो, आणि मामेबहीण तो तळहाताएवढ्या पडद्यावर बघून अंगठा दाखवते.

आरशाच्या कॅमेऱ्यांच्या काळात यापेक्षाही मोठा विरंगुळा होता. त्यांत फोकस मोजणारा सेन्सर वेगळा आणि चित्र घेणारा वेगळा. दोघांचं एकमत होईलच असं नाही. मग फोकस डोळ्याच्या पुढे पडतोय की मागे, हे बघायला ४५ अंशांत फूटपट्टी ठेवायची आणि कॅमेऱ्यात उणे २० ते अधिक २० यांमध्ये एकेक आकडा सरकवत राहायचा. झूम असली तर १५०ला एक आकडा बरोबर, ६००ला दुसरा. पावसाळ्याचे कित्येक रविवार यात सुखाने जात. आता आरसा नसलेले कॅमेरे चित्राच्याच सेन्सरवर फोकस मोजतात. २०२१ साली आलेला सोनीचा ए-वन तर पक्ष्याचा डोळा स्वतःच हुडकू लागला. तो रोग गेला आणि एका अख्ख्या पिढीची करमणूकही गेली.

भिंत आणि कालनिर्णय झाला की गच्ची. सहाशेवाला पहिल्या आठवड्यात चंद्राचा फोटो काढतो, हे ठरलेलंच. सेन्सरवर चंद्राचं माप काढायचं तर लेन्सच्या एमएमला ढोबळमानाने ११०ने भागायचं: ६००ला साडेपाच मिलिमीटर. म्हणजे पावणेचार लाखांहून जास्त किलोमीटरवरचा चंद्र आणि २० मीटरवरचा बुलबुल सेन्सरवर जवळजवळ एकाच मापाचे. शिवाय चंद्र फांदीआड जात नाही. मंडळी मात्र हटकून कोजागरीला काढतात. पौर्णिमेला ऊन चंद्रावर समोरून पडतं, खळग्यांच्या सावल्या नाहीशा होतात आणि चित्र सपाट येतं. अष्टमीच्या आसपास उजेड तिरका पडतो, तेव्हा कडेचे खळगे काय सुरेख उठतात! पण अष्टमीला आटवलेलं दूध नसतं.

गच्चीवरून पुढचं लक्ष्य म्हणजे समोरच्या इमारतीच्या सज्ज्यावरचं कबुतर. नजर फक्त कबुतरावर असते, पण कबुतराच्या मागे खिडकी असते आणि खिडकीच्या मागे बिऱ्हाड. संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी येतात.

“काका, एक तक्रार आलीये. तुम्ही दुर्बिणीतून घरात बघता म्हणून.”

“दुर्बीण नाही ती, लेन्स आहे. आणि मी कबुतर बघत होतो.”

सेक्रेटरी खिडकीच्या कठड्याकडे नजर टाकतात. तिथे हातभरावर तीन कबुतरं बसलेली असतात.

एवढ्या परीक्षांनंतर लेन्स एकदाची भिगवणला जाते. उजनी धरणाचा फुगवटा तिथे उथळ पसरलाय आणि हिवाळ्यात त्यात रोहित, चित्रबलाक, पट्टकादंब, थापट्या यांची जत्रा भरते. कुंभारगाव नाहीतर डिकसळहून पहाटे नाव निघते. नावाडी गावचाच. त्याने इतक्या लेन्स पाहिल्यात की पट्ट्यावरचं नाव न वाचता तो कंपनी सांगतो. ऊन पाठीमागे येईल अशी नाव तो आपसूक वळवतो, योग्य अंतरावर इंजिन बंद करतो, आणि मग शांतपणे म्हणतो, “सर, झूम मागं घ्या. पाय कापताय.”

तो बरोबर असतो. मोठा रोहित उभा राहिला की सव्वा मीटरच्या वर भरतो. १३० सेंटिमीटरचा रोहित ३० मीटरवर असेल तर ६०० एमएममधून त्याची प्रतिमा २६ मिलिमीटर होते, आणि आडव्या फ्रेमची उंची २४. बुलबुलासाठी घेतलेली लेन्स रोहितासाठी जास्त होते. एकाच फोकल लेंग्थची महागडी लेन्स घेऊन आलेला पाहुणा अशा वेळी नावाड्याला “जरा मागे घ्या” म्हणतो, आणि झूमवाल्याला आयुष्यात पहिल्यांदा त्याची कीव करायला मिळते. मोरघार मासा घेऊन उठली तर पंख पसरताच दीड मीटरची होते. तिथेही २०० किंवा ३००ला परतावं लागतं. झूमची किंमत वसूल होते ती अशी, मागे येताना. घेताना मात्र प्रत्येकाने फक्त पुढचा आकडा पाहिलेला असतो.

नऊ-साडेनऊ वाजले की मोठा घोटाळा सुरू होतो. पाण्यावरची आणि मातीवरची हवा वेगवेगळी तापते, तापलेल्या आणि गार हवेतून उजेड वेगवेगळा वाकतो, आणि शंभर मीटरवरचा बगळा फोटोत वितळल्यागत दिसतो. डोळ्यांना हे फारसं जाणवत नाही. ६०० एमएम लेन्स बगळ्याबरोबर तो थरारही मोठा करून दाखवते. कितीही महाग लेन्स आणली तरी मधली हवा तीच. हिवाळ्याच्या पहाटे हीटर लावलेल्या गाडीच्या खिडकीतून फोटो काढला तरी तेच होतं, कारण आतली ऊब खिडकीतूनच बाहेर पडत असते आणि लेन्स नेमकी त्या प्रवाहात धरलेली असते. पण हवेला वॉरंटी नसते आणि लेन्सला असते. म्हणून लेन्स सर्व्हिस सेंटरला जाते, तीन आठवड्यांनी ‘दोष आढळला नाही’ या चिठ्ठीसह परत येते, आणि मालक मित्रांना सांगतो, “आता बघा, किती फरक पडलाय!” खरंच पडलेला असतो. या वेळी तो सकाळी सात वाजता पोचलेला असतो.

पोशाखाबद्दल थोडं बोललं पाहिजे. लेन्सला पानापानांचा अंगरखा, डोक्यावर पानापानांची टोपी, पायांत भगभगीत केशरी बूट आणि खिशात ढोलताशाची रिंगटोन. पक्ष्याला खुपते ती हालचाल आणि आवाज, आणि या दोन्हींना पानं छापता येत नाहीत. लांबची लेन्स नव्हती तेव्हा माणसं जास्त मेहनत घेत. इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९२ साली पक्ष्याच्या अंड्यांसह घरट्याचा फोटो काढला. पुढे पक्ष्यांजवळ जायला त्यांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल तयार करवून घेतला आणि ते कॅमेऱ्यासकट त्याच्या पोटात शिरून उभे राहू लागले. आज भिगवणला कोणी असं केलं तर पक्षी फसतील की नाही कोण जाणे, पण पोळ्याच्या दिवशी पंचाईत होईल.

जवळ जाण्याचे धोकेही असत. एरिक हॉस्किंग या नामवंत ब्रिटिश पक्षीछायाचित्रकाराचा एक डोळा १९३७ साली घुबडाच्या नखांनी गेला. त्यानंतरही त्यांनी आयुष्यभर पक्ष्यांचेच फोटो काढले आणि आत्मचरित्राला ‘ॲन आय फॉर अ बर्ड’ असं नाव दिलं. एवढा विनोद अंगी असलेल्या माणसाने कालनिर्णयाचे फोटो काढले नसावेत.

जूनमध्ये लेन्सचा खरा शत्रू येतो. दमट हवेत, अंधाऱ्या कपाटात, काचेवर बुरशी धरते. शहाणे लोक आर्द्रता ४०-५० टक्क्यांवर ठेवणारी कपाटं घेतात. बाकीचे घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. निळे दाणे ओल शोषून गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करायचे असतात. हे काम पोळ्यांच्या तव्यावर करणारे महाभाग आहेत. त्या निळाईत कोबाल्ट क्लोराइड असतं, तेव्हा दाण्यांचा तवा निराळा ठेवलेला बरा. बुरशी बघायची तर पुढचं-मागचं झाकण काढून मोबाइलची बॅटरी एका टोकाला तिरकी धरायची आणि दुसऱ्या टोकाने आत डोकवायचं. चांगल्या लेन्समध्येही चार धूळकण चमकतात. त्यांनी फोटोला काही होत नाही. पण कडेपासून आत सरकणारे पांढरे, फाटे फुटलेले बारीक तंतू दिसले, की समजायचं.

हा बॅटरीचा विधी बहुधा लेन्स विकताना होतो, आणि लेन्स विकली जातेच, कारण मधल्या काळात शेजारच्याने २००-८०० घेतलेली असते. जाहिरात ठरलेली: ‘एकहाती वापर, डब्यासकट, फंगस नाही.’ विकत घेणारा तरुण येतो, बॅटरी पाडतो, कडं फिरवून बघतो, कुलपाचं बटण दोनदा सरकवतो, तळाशी ओरखडा शोधून काढतो. भाव जमतो. चहा होतो. नमुन्याचा फोटो मागितल्यावर काका संकष्टी दाखवतात आणि तरुणाला ती मनापासून आवडते, कोपऱ्यांसकट. अडतं ते फक्त लेन्सच्या पायाला लावलेल्या तिपाईच्या प्लेटवर. काका ती काढून घ्यायला लागतात.

“काका, ती राहू द्या ना.”

“नाही रे बाबा. नवीला हीच बसते, आधी लावून बघितलीये.”